संशय कुणी घ्यायचा?

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज हे गाव आहे. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या पट्ट्यात सातव्या महिन्यातली एखादी बाई सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला येते. सिस्टर तिच्या दंडाला पट्टा गुंडाळते, बटण दाबते आणि पडद्यावर १५०/१०० असा आकडा उमटतो. पुढचं सगळं या आकड्यावर ठरतं. गोळ्या देऊन घरी पाठवायचं की लगोलग कारंज्याच्या उपजिल्हा रुग्णालयाची वाट धरायची, नवऱ्याने ऐन हंगामातली मजुरी बुडवायची की नाही, बाळंतपण गावाजवळ होईल की अकोल्याला न्यावं लागेल. आकडा खरा आहे असं सगळेच धरून चालतात. पण तो खरा आहे हे त्या खोलीत नेमकं कुणाला ठाऊक असतं? आणि कुणालाच ठाऊक नसेल, तर त्यावर संशय घेण्याची जबाबदारी कुणाची? सरकारी दवाखान्यातल्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरला मंजुरी देताना सुरक्षेचे नियम किती कडक असावेत, या वादाचं मूळ मला या दोन प्रश्नांत दिसतं. अभियंत्यांनी आणि अधिकाऱ्यांनी आपसांत मिटवावा असा हा वाद नाही. प्रमाण कशाला म्हणायचं, हा आपल्याकडच्या दर्शनांनी दीड-दोन हजार वर्षं घासूनपुसून तपासलेला विषय आहे आणि त्या तपासणीचा इथे थेट उपयोग होतो.

आधी आकड्याची जात ओळखायला हवी. पाऱ्याच्या जुन्या यंत्रात डॉक्टर स्टेथोस्कोप कानाला लावून हवा हळूहळू सोडायचे. ठोके ऐकू येऊ लागले तो वरचा दाब, ऐकू येईनासे झाले तो खालचा. चूक व्हायची, पण ती ऐकणाऱ्याच्या कानाची असायची आणि शंका आली तर दुसरा माणूस आपला कान लावू शकायचा. हे बरंचसं प्रत्यक्ष ज्ञान होतं. आजचं डिजिटल यंत्र ठोके ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेच्या दाबात नाडीमुळे उठणारी कंपनं ते टिपतं आणि त्या कंपनांवरून एका सूत्राने वरचा व खालचा दाब काढतं. हे सूत्र ज्या त्या कंपनीचं स्वतःचं असतं आणि बहुधा गुपित असतं. म्हणजे पडद्यावरचा १५० हा सिस्टरने पाहिलेला नाही, डॉक्टरांनी अनुमानाने काढलेलाही नाही. दूर कुठेतरी बसून ज्यांनी ते सूत्र लिहिलं, त्यांनी सांगितलेला तो शब्द आहे. न्यायदर्शनाच्या भाषेत ते शब्दप्रमाण झालं. गंमत अशी की या शब्दाला बोलणारा आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानला, कारण कर्ताच नसेल तर कर्त्याचे दोष त्यात उतरणार नाहीत. ‘मशीनमध्ये आलंय’ असं म्हणून आपण जेव्हा वाद संपवतो, तेव्हा यंत्राच्या शब्दाला नकळत तोच मान देतो. फरक इतकाच की सॉफ्टवेअर शंभर टक्के पौरुषेय आहे. ते माणसांनी लिहिलेलं आहे, मुदती सांभाळत लिहिलेलं आहे, आणि बऱ्याचदा अनोळखी माणसांनी लिहिलेले तुकडे जोडून लिहिलेलं आहे.

शब्द प्रमाण केव्हा मानावा याचं न्यायसूत्रांचं उत्तर नेमकं आहे: तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे कोण, हे भाष्यकार वात्स्यायनाने उलगडलं आहे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळली आहे, जशी कळली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे आणि जो ती सांगतो, तो आप्त. हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू आहे, असंही तो बजावतो. आप्तपणा कुळाला, पोशाखाला किंवा नावाजलेल्या छापाला चिकटलेला नसतो. तो त्या-त्या बाबतीत सिद्ध करावा लागतो. याच दर्शनाने वेदाच्या प्रामाण्याला दाखला दिला तो मंत्राचा आणि आयुर्वेदाचा. औषधाचा गुण येतो, म्हणून ते सांगणारे आप्त. आणि आप्तांचं बाकीचं बोलणंही त्यामुळे विश्वसनीय, असा तो युक्तिवाद. शास्त्राची पत वैद्यकाच्या अनुभवावर तोलली गेली, ही गोष्ट आजच्या विषयात मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माणसाच्या बोलण्यात शिरणारे दोषही परंपरेने मोजून ठेवले आहेत: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. गैरसमज, बेसावधपणा, फसवण्याची इच्छा आणि साधनांचं अपुरेपण. यंत्रांच्या इतिहासात या चारींचे दाखले मिळतात. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या ‘थेरॅक-२५’ या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा दिला आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. आधीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अडसर काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती आणि सॉफ्टवेअर चुकणार नाही असा निर्मात्यांचा समज होता. हा भ्रम. प्रमादाचं उदाहरण ब्रिटनमधलं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचं काम विस्कटलं. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती बसवली गेली नव्हती. बाधित झालेल्या वस्तूंत निदानाची १,२२० यंत्रं होती. करणापाटव तर रोजचंच आहे: सैल बसलेला पट्टा, जुना झालेला सेन्सर, उतरलेली बॅटरी.

विप्रलिप्सेपाशी मात्र थांबायला हवं, कारण नियमांतली खरी गोम तिथे आहे. आजवर उपकरणांची तपासणी प्रामुख्याने एकच प्रश्न विचारत आली: सांगणारा चुकतोय का? सुरक्षेचा प्रश्न निराळा आहे. सांगणाऱ्याच्या आवाजात भलताच कुणी बोलतोय का, किंवा सांगणारा आपल्याला न कळवता आणखी कुणाशी बोलतोय का? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी ‘कॉन्टेक सीएमएस ८०००’ या चिनी बनावटीच्या मॉनिटरबद्दल जाहीर इशारा दिला. रुग्णाच्या खाटेशेजारी नाडी, ऑक्सिजन आणि रक्तदाब दाखवणारं हे यंत्र. त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये एक ठरावीक बाहेरचा पत्ता कायमचा कोरलेला सापडला. जाळ्याला जोडलं की रुग्णाची माहिती तिकडे जात होती आणि त्या वाटेने बाहेरून यंत्रात फेरफारही करता येण्याजोगा होता. यंत्र दाखवत असलेली नाडी अगदी बरोबर असू शकत होती. अचूकतेच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारं यंत्र आप्तपणाच्या परीक्षेत सपशेल नापास होऊ शकतं ते असं.

आता दर्शनांमधला जुना वाद इथे आणतो. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असतं. ते उपजतं तेच खरं म्हणून, आणि दोष दिसला तरच खोटं ठरतं. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, वेगळ्या तपासणीने येतं. रोजचा व्यवहार मीमांसकांच्या बाजूने चालतो आणि तसाच चालायला हवा. दुकानदाराने सांगितलेला भाव, एसटीच्या पाटीवरचं गाव, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी या प्रत्येकाला पुरावा मागत बसलं तर दिवस सरणार नाही. धनजच्या त्या बाईने यंत्रावर विश्वास ठेवला यात तिचा भोळेपणा नाही. तिच्यापुरतं ते शहाणपणाचंच आहे. पण याच कारणाने सरकारला तशी मुभा नाही. खाजगी दवाखान्यात नको वाटलं तर माणूस उठून दुसरीकडे जाऊ शकतो, निदान पैसा असेल तर. सरकारी केंद्रावर अवलंबून असलेल्या माणसाला दुसरीकडे नसतं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले, हे चांगलंच झालं. पण जिथे निवड उरत नाही तिथे निवड करणाऱ्याने विचारायचे प्रश्न सरकारनेच विचारायला हवेत. माझा सगळा युक्तिवाद एवढाच आहे: सरकारी आरोग्यसेवेतली मंजुरी म्हणजे रुग्णाच्या वतीने घेतलेला संशय. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत संशयाला स्वतंत्र जागा आहे. तो श्रद्धेचा शत्रू म्हणून तिथे आलेला नाही. निर्णयाकडे जाणारी वाट त्याच्यातून जाते म्हणून आला आहे.

हा संशय घेतला नाही की काय होतं, हे महाराष्ट्राने सॉफ्टवेअरच्या आधीच पाहिलं आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली तेव्हा दोष एका बाटलीपुरता उरला नाही. खरेदी करणारे, पुरवठा करणारे, नमुने तपासणारे, परवाने देणारे आणि त्यांच्यावरचे राजकारणी अशी सगळी साखळी उघडी पडली. प्रत्येकाने आपल्या आधीच्याने तपासलं असणार असं धरलं होतं, किंवा तसं धरणं सोयीचं होतं. बाटलीवर लेबल होतं, कागदावर सही होती, वॉर्डात औषध होतं. स्वतःप्रमाण मानण्याची सवय साखळीभर पसरली की सगळ्यांचा मिळून एकही संशय उरत नाही. यंत्रांच्या खरेदीतही साखळी हीच आहे: निर्माता, वितरक, निविदा, परवाना, बसवणारा तंत्रज्ञ, वापरणारी सिस्टर.

नियमांची आजची स्थिती पाहू. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून झाडून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि त्या व्याख्येत सॉफ्टवेअरही स्पष्टपणे घेतलं गेलं. धोक्यानुसार चार वर्ग केले. कमी धोक्याच्या पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाला राज्याचं परवाना प्राधिकरण, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन, परवाना देतं. वरच्या दोन वर्गांना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना देते. मोठा बदल केला तर पुन्हा परवानगी लागते. हे सगळं योग्यच आहे आणि २०१७ च्या आधीच्या मोकळ्या रानापेक्षा कितीतरी बरं आहे. पण परवान्याची घडण पाहिली की एक गोष्ट खटकते. एकदा मिळालेला परवाना दर पाच वर्षांनी शुल्क भरलं की पुढे चालू राहतो. सुई, स्टँड, खाट यांना हे शोभतं, कारण सुई गोदामात पडून आपोआप धोकादायक होत नाही. सॉफ्टवेअर होतं. त्यात एका ओळीचाही बदल न होता ते आज सुरक्षित आणि उद्या असुरक्षित असू शकतं, कारण उद्या कुणालातरी त्यातलं भोक सापडलेलं असतं. आणि भोक बुजवायला बदल केला, तर मंजूर झालेली वस्तू ती हीच का, हा प्रश्न उभा राहतो. बदललं नाही तर असुरक्षित, बदललं तर मंजुरीबाहेर, या कात्रीत सापडलेली यंत्रं जगभरच्या रुग्णालयांत आहेत.

या कात्रीतून सुटायला धनजच्या तालुक्याच्या गावातली परंपरा कामाला येते. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना ठाऊक आहे. पण ते जैन भट्टारकांचं पीठही होतं आणि तिथल्या ग्रंथभांडारांतल्या हस्तलिखितांमुळे अपभ्रंश साहित्याचा मोठा ठेवा विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती आला. जैन तर्कशास्त्राचा आग्रह असा की कोणतंही विधान अमुक एका दृष्टीने, अमुक अटींवर खरं असतं. अट गाळून केलेलं सरसकट विधान सदोष असतं. स्याद्वादाला कुणी गुळमुळीतपणा म्हणतात, पण त्यात खरं तर काटेकोरपणा आहे. ‘हे यंत्र सुरक्षित आहे’ हे सरसकट विधान झालं. ‘सॉफ्टवेअरची ही आवृत्ती, या जाळ्यावर, या वापरासाठी, या तारखेपर्यंत निर्माता दुरुस्त्या पुरवणार आहे या अटीवर, आज ज्ञात असलेल्या भोकांच्या बाबतीत सुरक्षित आहे’ हे साधार विधान झालं. मंजुरीपत्र दुसऱ्या प्रकारचं असावं. अट मोडली की मंजुरी आपोआप शंकास्पद व्हावी. असं पत्र देता यायचं तर निर्मात्याने सॉफ्टवेअर कोणकोणत्या तुकड्यांनी बनलं याची यादी द्यायला हवी, भोकं सापडली तर कशी व किती दिवसांत बुजवणार हे आधी सांगायला हवं. अमेरिकेत जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या नव्या उपकरणांसाठी २०२३ पासून हे कायद्याने मागितलं जातं. आपल्या निविदेत किंमत, हमीचा काळ आणि सुटे भाग यांच्या जोडीला ही दोन कलमं टाकायला कोणतं दर्शन आडवं येतं?

आडवी येते ती गरिबी, असं पहिला आक्षेपक म्हणेल. ज्या जिल्ह्याला नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, तिथे आधी यंत्र तरी पोहोचू द्या. संशयास्पद यंत्रसुद्धा यंत्रच नसण्यापेक्षा बरं. या आक्षेपात खरी कळकळ आहे आणि अर्धं सत्यही आहे. म्हणूनच धोक्यानुसार नियम हलके-जड असायला हवेत. जाळ्याला कधीच न जोडल्या जाणाऱ्या थर्मामीटरला जो जाच नको, तो औषधाचा थेंब-थेंब सोडणाऱ्या पंपाला हवा. पण ‘नसण्यापेक्षा बरं’ हे गृहीतक तपासून पाहा. यंत्र नसतं तेव्हा डॉक्टर नाडी बघतात, पायावरची सूज दाबून बघतात, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारतात आणि शंका आली तर पुढे पाठवतात. चुकीचा पण आत्मविश्वासाने छापलेला आकडा ही शंकाच मारून टाकतो. ईसीजीच्या पट्टीवर यंत्राने वरच्या कोपऱ्यात ‘नॉर्मल’ छापलेलं असलं की थकलेल्या नजरेला खालच्या रेषा वाचायचं कारण उरत नाही. अज्ञान निदान सावध ठेवतं. खोट्या ज्ञानाने तीही सोय राहत नाही. शिवाय कमी दर्जाचं ते गरिबाला, ही वाटणी एकदा मान्य केली की ती सॉफ्टवेअरपाशी थांबणार नाही.

दुसरा आक्षेप: धनजच्या आरोग्य केंद्रावर हल्ला करून कुणाला काय मिळणार? इथे हल्ल्याचं चित्रच चुकतं. वॉनाक्रायने कोणतंही रुग्णालय निवडलं नव्हतं. जिथे दार उघडं दिसलं तिथे तो शिरत गेला. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाला सुमारे दोन आठवडे नोंदी हाताने कराव्या लागल्या. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे आज गावातल्या माणसाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक देशभरच्या नोंदींशी जोडला जातो आहे. जाळं एक असेल तर त्याचं टोक लहान आहे म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. आणि गावात लपवण्यासारखं काय असतं, असं विचारणाऱ्याने विदर्भातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा विचार करावा. एखाद्या मुलीच्या रक्ततपासणीचा निकाल भलत्या हाती पडला तर तिचं लग्न मोडू शकतं. माहितीची किंमत बाजारातच ठरते असं नाही. ती बैठकीतही ठरते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे आणि तो मीमांसकांनी नैयायिकांना विचारलेलाच आहे. एका ज्ञानाचं प्रामाण्य दुसऱ्याने ठरवायचं, तर दुसऱ्याचं कोण ठरवणार? तपासनिसाला कोण तपासणार? याला अंत नाही, ही अनवस्था. नैयायिकांचं उत्तर व्यवहाराचं होतं: पाणी आहे असं वाटलं, जवळ गेलो, तहान भागली, ज्ञान खरं ठरलं. औषधाच्या बाबतीत हे उत्तर तसंच्या तसं उचलता येत नाही, कारण इथे प्रयोग रुग्णाच्या देहावर होतो आणि चूक कळते तेव्हा उशीर झालेला असतो. पण त्या उत्तराचा गाभा टिकतो. शेवटचा, कधीच न चुकणारा तपासनीस मिळणार नाही, हे कबूल. मिळू शकते ती अशी व्यवस्था, जिच्यात चूक लवकर दिसेल आणि कुणाची ते सांगता येईल. १९०२ साली मुंबईच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस पंजाबातल्या मुलकोवाल गावात टोचली गेली आणि एकाच बाटलीतली लस टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने गेले. ठपका लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. गावात टोचताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे मान्य होऊन हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. बाटली कुणी, कधी, कशाने उघडली याच्या बारीकसारीक नोंदीतून त्यांची सुटका झाली. यंत्रात कुणी, कधी, काय बदललं याची पुसता न येणारी नोंद मागणारा नियम म्हणूनच दोन कामं करतो: रुग्णाला वाचवतो आणि निरपराध कर्मचाऱ्यालाही. ती नोंद नसेल तर दोष नेहमी साखळीतल्या शेवटच्या माणसावर, म्हणजे सिस्टरवर, येऊन पडतो.

श्रद्धेच्या बाजूनेही एक आक्षेप येतो. बरं होण्यात विश्वासाचा वाटा मोठा असतो. दवाखान्यात संशयाचं वातावरण केलंत तर रुग्ण आधीच खचेल. हे खरं आहे, आणि म्हणूनच संशयाची जागा ठरवावी लागते. तो रुग्णाच्या खाटेशी नको. निविदेच्या टेबलावर, परवान्याच्या कार्यालयात आणि दुरुस्तीच्या नोंदवहीत हवा. तिथे पुरेसा संशय घेतला गेला असेल तरच खाटेवरच्या माणसाला निर्धास्त विश्वास ठेवण्याचा हक्क राहतो. विचार न करता ठेवलेला विश्वास आणि कुणीतरी आपल्यासाठी विचार केला आहे हे ठाऊक असल्यामुळे ठेवलेला विश्वास बाहेरून सारखेच दिसतात. पहिल्याचा गैरफायदा घेता येतो, दुसऱ्याचा हिशेब मागता येतो.

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य ठरवलं आहे. यंत्र पुरवून त्या कर्तव्याचा अर्धाच भाग पार पडतो. यंत्राच्या शब्दाला जामीन कोण, हे ठरवलं की उरलेला अर्धा पुरा होतो. म्हणून प्रत्येक जोडलेल्या उपकरणाच्या मंजुरीला मुदत असावी, निर्मात्याने दुरुस्त्या थांबवल्या त्या दिवशी ते यंत्र जाळ्यावरून उतरवलं जावं, जाळं बंद पडलं तरी केंद्र कागदावर चालू शकेल अशी तयारी तपासली जावी, आणि हे सगळं पाहणारा अधिकारी पदनामाने जाहीर असावा. यातलं काही महागडं नाही. कंटाळवाणं मात्र आहे. संशय घेणं हे कंटाळवाणं, न दिसणारं, कौतुक न मिळणारं काम आहे. धनजच्या बाईला ते स्वतः करणं शक्य नाही, आणि तिच्या जागी ते करायलाच तर आपण सरकार नेमलेलं आहे.